हनुवटीचे सात टाके

सीपीआरच्या अपघात विभागात
एक शिकाऊ डॉक्टर माझी हनुवटी शिवत होता
आणि मी त्याच्या चष्म्यात त्याचा हात बघत होते.
सुई वाकडी, गळासारखी.
दोरा काळा, मेण नसलेला.
दर टाक्याला वेगळी गाठ.
न राहवून विचारलं, एका दोऱ्यात का शिवत नाही?
म्हणाला, मावशी, बोलू नका, हनुवटी हलते.
मग पाचव्या टाक्याला आपणहून म्हणाला,
एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात.

सुभाषनगरात तीस वर्षं चपलांना वेण्या घालते मी.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अंगावर जुनी कामं पुष्कळ आहेत.
डाव्या भुवईत उंबरा.
पुढच्या दाताचा टवका कुठं गेला, सापडला नाही,
गिळला असेन.
उजवा खांदा निखळला होता, त्याला दोन वर्षं झाली.
बसवताना आवाज आला,
ओलं कातडं ठोकणीखाली बसतं तसा,
मग तीन आठवडे हात गळ्यात.
आणि मनगटावर तवा.
भाकरी अर्धी भाजली, मी पुरी.
सिस्टर पांढरं मलम लावायची, म्हणायची यात चांदी असते.
सासूबाई म्हणाल्या, बघ, गुजरीत न जाता चांदी लाभली तुला.
हसलो आम्ही. हसताना जीभ दुखली,
कारण जिभेची कड तेव्हाही चावलेली होती.
जिभेला टाके सहसा घालत नाहीत,
तिचं ती बघते.
मिठाच्या गुळण्या, गार ताक,
आणि आठ दिवस तांबडा बंद, पांढऱ्यावर भागवायचं.

फिट आली की लोक आधी चप्पल शोधतात.
आमच्या गल्लीत तिला काय तोटा.
मी शुद्धीवर येते ती वासानं नाही,
माझी मी येते, दीड-दोन मिनिटांत.
पण डोळे उघडतात तेव्हा नाकाशी चप्पल असते.
एकदा म्हणे मी पहिलं वाक्य बोलले,
"ही आपल्या कारागिराची न्हवं.
साल नीट मुरली न्हाई हिला."
माझं नाव मला त्यानंतर आठवलं.

आता समीक्षा कुणाला चप्पल आणू देत नाही.
तोंडात चमचा घालू देत नाही.
डोक्याखाली ओढणी, मला कुशीवर वळवते
आणि मोबाईलवर सेकंद मोजत बसते.
पाच मिनिटं झाली तर रिक्षा, हे तिचं ठरलेलं.
सातवीत आहे.
मोजताना तिचे ओठ हलतात, ते मला कुणीतरी सांगितलं.
मी कधी बघू शकणार नाही.

मेंदूच्या डॉक्टर हेरवाडकरबाईंनी हनुवटी बघितली
आणि टाक्यांचं काही विचारलंच नाही.
गोळी कधी चुकली?
जोतिबाच्या यात्रेची ऑर्डर होती, मी म्हटलं,
दोन रात्री जागले, गोळ्या शुक्रवारी संपल्या,
दुकान जवळच होतं.
बाई गप्प.
मग चिठ्ठीवर नऊचा आकडा काढला
आणि त्याच्याभोवती पेन दोनदा फिरवलं.

रापी दिरांनी उचलून ठेवलीय, चार वर्षं झाली.
धार आहे, ते बरोबरच आहे.
पण कापणी गेली आणि मी वेणीवर आले,
ते कुणी जखमेत धरत नाही.

सहाव्या दिवशी टाके निघाले.
एक तुकडा मागून घेतला, बोटांत फिरवून बघितला.
नायलॉन. पावसात कुजायचा नाही.

संध्याकाळी दिरांकडं रापी मागितली.
ते शेजारी बसून राहिले, माझ्या हाताकडं बघत.
मी जुन्या तळांचं जाड कातडं कापलं,
ओट्याचे दोन कोपरे, पलंगाची कड,
न्हाणीचा उंबरा, सगळ्याला खिळवलं.
न्हाणीची आतली कडी काढली.
ओट्याच्या कातड्याला कडेनं बारीक वेणी घातली.
समीक्षा म्हणाली, हितं वेणी कशाला, कोण बघतंय?
नऊ वाजले होते.
तिनं पाणी आणलं.